केकच्या डब्यातला मैदा

कोकोचा वास आला की मला अजूनही स्वतःची लाज वाटते, कारण त्या दिवशीची चूक माझी होती. ऐंशीच्या दशकात आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. धंतोलीच्या डॉक्टरांनी माझ्या सहा वर्षांच्या भाचीचं गहू आणि दूध कायमचं बंद केलं होतं. चपातीचा तुकडाही तिला आजारी पाडायचा. तिच्या वाढदिवसाला ताईने तांदळाची पिठी, गूळ, तेल आणि पिकलेली केळी फेटून कोकोचा केक केला. "आज माही पोरगी सगळ्यांसारखा केक खाईन," ती म्हणाली, "तू तेवढा डबा तयार कर गा." ते काम नेहमी माझंच असे. सवयीने मी डब्याला तेल लावलं आणि केक चिकटू नये म्हणून आतून मैदा भुरभुरला. डबा तापलेल्या रेतीच्या पातेल्यात गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पण ताईचा फुललेला चेहरा पाहून सांगायला जीभ रेटली नाही. चिमूटभर मैद्याने काय होणार, असं मी मनाला समजावलं. "मामा, तुले नाही देत!" म्हणत भाचीने केकचे दोन तुकडे संपवले. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि आठवडाभर ती सलाईनवर होती. "माह्याच हातानं झालं," ताई भिंतीला डोकं टेकून म्हणत राहिली. तिने पुन्हा कधी केक केला नाही, आणि मी इतकी वर्षं तिला तसंच समजू दिलं. परवा तिच्यासमोर बसून एवढंच बोलू शकलो, "ताई, डब्याले मैदा मी लावला होता. मले तवाच समजलं होतं वं. माफ कर मले."