मुडियादु

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सख्ख्या आईलासुद्धा नाही. पण अर्ध्या तासापूर्वी एक फोन ठेवलाय — सांगूनच टाकते, ऐका!

मी साताऱ्याची, नोकरी चेन्नईजवळच्या सिरुसेरीत. नवरा सीनू, तंजावरकडच्या मराठी घरातला, वाढला चेन्नईत. तिथल्याच वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौदा महिने काढले. एकदाही मी त्याला जवळ येऊ दिलं नाही. का? मला तो नको होता. घरी तसं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून बोहल्यावर चढले — बस्स! तो उशी घेऊन मुकाट हॉलमध्ये झोपायचा.

एका सकाळी सासूबाईंनी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "नवरा की नव्हे रे तू? ऐकत नाही तर जबरदस्ती कर की!"

सीनू एवढंच म्हणाला, "मुडियादु."

तमिळमधला हा शब्द दोन्हीकडे चालतो — मला जमत नाही, आणि मी करणार नाही. तो कुठल्या अर्थाने म्हणाला, ते दाराआड मला लख्ख कळलं.

वकील म्हणाले होते, लग्न रद्द करायचं तर दोष नवऱ्याच्या शरीरात दाखवावा लागेल. आणि मला तर शब्दच सापडला होता! काय आनंद झाला होता म्हणून सांगू — लाज वाटते, पण झाला होता. कोर्टात मी सांगितलं, त्याच्या आईने विचारलं तेव्हा हा 'मुडियादु' म्हणाला. आईने काय विचारलं होतं? ते गिळलं. जज्जांनी सीनूला विचारलं, असं म्हणालात? तो म्हणाला, "म्हणालो." माझ्याकडे एकदा बघितलं, बस. डॉक्टरी तपासणीलाही गेला नाही. मला सुटायचंय, हे त्याला ठाऊक होतं.

मी सुटले. त्याची पुढे तीन स्थळं मोडली. कानावर येत होतं — मी गप्प राहिले.

आज एका बाईचा फोन आला. धाकट्या बहिणीसाठी सीनूची चौकशी. "खरंच का हो अक्का, त्याच्यात दोष आहे?"

कोर्टाच्या कागदावर आहे तेच, असं जिभेवर आलंही होतं! पण या वेळी आधी सासूबाईंचा प्रश्न सांगितला, मग त्याचं उत्तर.

तिने खात्री करून घेतली. "म्हणजे तो करणार नाही म्हणाला?"

"हो," म्हटलं, "आणि मला ते तेव्हाच कळलं होतं."