आधी बोलून दाखवायचं

चिखलीच्या एका डाळमिलमध्ये डाळ निवडायचं नवीन मशीन आलं, तेव्हा ते चालवायला शिकवण्याचा कोर्स मी तयार केला होता. पुण्याहून एक तयार कोर्स आला होता. पडद्यावरची चित्रं आणि दुपारच्या डुलक्या. तो मी सरळ बाजूला ठेवला. आठवडाभर मिलमध्ये जाऊन बसले, कामगारांचं कुठे अडतं ते विचारलं. वाचायचं काही ठेवलं नाही, वेळ कामगारांना आणणाऱ्या धाड गावच्या एसटीप्रमाणे लावली. नियम एकच केला. मशीन कसं थांबवायचं ते आधी सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं, मगच हात लावायचा. आमच्याकडे समजलं नाही तरी माणसं मान डोलावतात, आणि मशीनच्या पट्ट्यात हात गेल्यावर त्या मानेचा काही उपयोग नसतो.

शिकणाऱ्यांत धाडकडची एक विधवा बाई होती. पदरात दोन लेकरं, मजुरी रोज मिळेलच असं नाही; मशीनवर बारमाही काम होतं. बाई तल्लख होती, पण बोलायची पाळी आली की पदर पुढे ओढून खाली बघायची. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चिडले. अशानं तुमचं नाव कटेल, असं सुनावलंही. तिनं पदर आणखी पुढे ओढला.

सुटल्यावर एक पन्नाशीचा हमाल माझ्यामागे गेटपर्यंत आला. पोती वाहून त्याची कंबर गेली होती, मशीनवरचं हलकं काम मिळेल या आशेनं तोही कोर्सला बसला होता. तो तिचा भासरा निघाला, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्या घरात बाई भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही.

"मी बसलो त ती बोलनार नाई, म्याडम," तो म्हणाला. "तिले लेकरं हायेत. माहं नाव काटून टाका."

दोन वेगळे गट करू द्या म्हणून मी मालकाकडे गेले. शिकवायला आलेला मशीन कंपनीचा मिस्त्री परत चालला होता, तेच दोनदा शिकवायला मालक तयार नव्हता. मी भांडले, पण व्यर्थ. दुसऱ्या दिवशी हमालाची जागा रिकामी होती. बाई उठली आणि हळू आवाजात, एकही पायरी न चुकता सगळं बोलली. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

काम तिला मिळालं. तो पुन्हा पोती वाहू लागला. तिच्या मशीनशी पोतं टेकवून निघून जायचा, ती पदर सावरायची. तेव्हापासून कुठलाही कोर्स आखताना मी आधी विचारते, कोण कोणाचं काय लागतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मी त्यांच्या गावी पोहोचले तोवर अंत्यसंस्कार उरकले होते. बाई भिंतीशी एकटी बसली होती. मी शेजारी टेकले. तीच बोलली.

"माह्यासाठी त्याईनं कोर्स सोडला, मले म्हाईत होतं. पन एक शबूद नाई बोलली मी त्याईच्यासंगं. आज नेतानी जाऊबाई म्हनल्या, आता बोल त्याईले, आता कोनी काई म्हनत नाई. मी जवळ जाऊन बसली. मले काई बोलताच नाई आलं, म्याडम."