निरवभाई आणि लागू न पडणाऱ्या गोळ्या

आमच्या कॅथलॅबमध्ये किस्से साठतात ते ऑपरेशनांपेक्षा गोळ्यांमुळे. मेंदूच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवायचा तर आधी काही दिवस रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागते. काहींना ती लागूच पडत नाही. म्हणून आम्ही रक्ताची टेस्ट करतो. टेस्ट फेल असताना स्टेंट टाकला तर गुठळी होऊन पेशंट लुळा पडू शकतो. आता प्रत्येक किश्शात माझा ज्युनिअर निरव कसा येतो, ते मला विचारू नका. मला त्याचा हेवा वाटतो. जळफळाटच म्हणा ना!

*

खंडेराव मार्केटमधले भाजीवाले काका. टेस्ट फेल! मी तीनदा विचारलं, "दुसरं काही औषध घेता?"

"ना बेन, कशुं नहीं!"

मी फाइलवर 'गोळी लागू नाही' लिहून मोकळी झाले. निरव स्टुलावर बसला आणि फाफड्यावर गप्पा मारायला लागला. पाच मिनिटांत काकांच्या खिशातून ॲसिडिटीची कॅप्सूल निघाली. तिच्यामुळेच आमची गोळी अडत होती.

"काका, हे औषध नाही?" मी ओरडलेच.

"आ तो नाश्तानी छे!"

दुसऱ्या दिवशी काकांनी कोथिंबिरीची जुडी आणली. निरवसाठी.

*

छाणीचे एक लेथवाले भाई होते. निरवने त्यांना सांगितलेलं, "दाढी करताना कापलं आणि रक्त लवकर थांबलं नाही, तर घाबरू नका. गोळी काम करतेय."

टेस्टच्या दिवशी भाई गालावर तीन पट्ट्या लावून हजर! "बेन, टेस्ट घेर करीने आव्यो छुं. पास!"

घरच्या टेस्टनंतर मशीननेही पासच सांगितलं. माझ्या शब्दाखातर आजवर कुणी नखसुद्धा कापलेलं नाही.

*

गुजराती पेशंटांच्या गर्दीत अकोट्याच्या काकू मराठी निघाल्या. म्हटलं, चला, ही पेशंट तरी माझी! त्यांचीही टेस्ट फेल झाली, पण त्या खूश. "आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. असलं रक्त पातळ होतंय होय!"

दुसरी गोळी का द्यायची, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. काकूंनी माझा हात हातात घेतला. "किती छान सांगितलंस गं! आता एकदा निरवभाईंना विचारते."

*

मग निरवच्याच आईच्या मेंदूत फुगलेली रक्तवाहिनी सापडली. कधीही फुटेल अशी. घरच्या माणसाचं ऑपरेशन आपण करायचं नसतं, पण निरव ऐकेना. "मम्मीनुं तो हुं ज करीश!"

रोजची गोळी तो स्वतः आईच्या हातावर ठेवायचा. टेस्ट फेल. गोळी बदलली, पुन्हा फेल. दिवस चालले होते आणि निरवची झोप उडाली होती. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा फेल झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता भीती वाटायला लागली.

शेवटी मी एकटीच निरवच्या आईजवळ, मासींजवळ, जाऊन बसले. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं, पर्समधून मुखवासाची डबी काढली आणि उघडून माझ्यापुढे धरली. आत निरवने दिलेल्या सगळ्या गोळ्या!

"मासी, अहो, नस फुटली असती तर?"

"टेस्ट पास थाय तो ऑपरेशन निरव करशे ने?" मासी हळूच म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "तमे करशो? तो लावो पाणी."