ओटीतली तूर

मी बिदरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. विकसनशील देशाची बाजारपेठ, आयात-निर्यात, सरकारी धोरण, सगळं फळ्यावर झकास मांडतो. राजेश्वर गावी शेती करणारी माझी थोरली बहीण, अक्का, नौबादला माझ्या घरी आली की तिच्यापुढेही माझं व्याख्यान चालायचं. ती बिचारी मान डोलवायची.

त्या साली तुरीचा भाव आभाळाला टेकला होता. अक्काची विकायची तूर संपली होती. उरलं होतं ते बियाणं, राख मिसळून, गाडग्यांची तोंडं शेणानं लिंपून ठेवलेलं. आईनं ते लग्नात माहेराहून, करजगीहून, ओटीत आणलं होतं. सासरी निघालेल्या मुलीच्या ओटीत घरच्या बियाण्याची मूठभर तूर घालायची, ही आमच्याकडची रीत; तसंच ते अक्काकडे आलं.

"हे बी काढून टाक," मी म्हणालो.

"बियाणं कामून इकायला लावायलास रं? मग काय पेरू?"

"अक्का, बाहेरदेशातून तुरीची जहाजं निघालीत. भाव पडतोय बघ. बियाणं काय, दुकानात मिळतंय."

तिनं ऐकलं, कारण मी शिकलेला.

जहाजं आली, भाव पडला. अंदाज खरा ठरला म्हणून मी स्टाफरूममध्ये चार दिवस मिरवलो. शहराला डाळ स्वस्त हवी म्हणून सरकार जहाजं बोलावतं, एवढं मला कळत होतं. अक्काची गाडगी त्यात कुठं बसतात, हा विचारच मी केला नाही. दुकानातलं बियाणं उगवलं, पण त्याच्या वरणाला आईच्या वरणाचा वास नाही.

यंदा अक्काच्या लेकीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं तेव्हा ते बियाणं शोधायला मी करजगी गाठली. मामी म्हणाली, "त्या साली भाव लई चढला व्हता बाबा. सगळ्यांनीच इकली. आता कुणाकडंच न्हाई."

परतताना स्वतःच्या शहाणपणाची मला शिसारी आली. वाटेत दुकानातून तुरीची पिशवी घेतली आणि अक्काच्या हातात दिली.

पाठवणीला अक्कानं त्यातलीच मूठभर तूर भाचीच्या ओटीत घातली. भाची कलबुर्गीच्या हॉस्टेलात राहून शिकलेली, आज्जीचं बियाणं विकल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

"आज्जीचीच हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय," अक्का म्हणाली. "जपून ठेव. फुडं तुझ्या लेकीला द्यावी लागंल."

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.