आजारी पडले तर घरी येईन

आमच्या दोरीनाला या गावातून उचलून नेणारा अजून जन्माला यायचाय. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी उगाच डोळे पुसत बसायला नको.

खरं नाव डोरीन, इंग्लंडची. पण आमच्या गावात कुणाचंच नाव धड राहत नाही, तशी ती दोरीना झाली. तिच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. ती खोकली तर मी माझ्या चुलीपाशी उभी राहून ओरडते, "पाणी पी गं!" नवरा क्लिफ तिच्या आधी गेला. त्याला आमच्याच कब्रस्तानाच्या भिंतीतल्या शवपेटीच्या कप्प्यात ठेवलाय आणि त्याच्या वरचा कप्पा तिनं स्वतःसाठी राखून ठेवलाय. वरचाच का, विचारलं तर म्हणाली, "जन्मभर तो माझ्या डोक्यावर घोरला, आता माझा पाळी."

हो, अशीच बोलते. इतकी वर्षं स्पेनमध्ये काढली, तरी आमची भाषा तिच्या तोंडात जाऊन उलटीपालटी होते. पाव तिला 'ती', भाजी तिला 'तो', आणि घर तर कायम 'हा घर'. मी हजारदा सांगितलं, "अगं, हे घर! हे! घर काय नवरा आहे?" तर म्हणते, "नवरा मेला. हा घर आहे." पालथ्या घड्यावर पाणी.

तर गोष्ट अशी. मागच्या हिवाळ्यात ती पायऱ्या धुताना घसरली आणि मनगट मोडून घेतलं. लगेच तिची मुलगी हेदर विमानानं आली. अंगानं काडी, पण चालणं असं की समोरच्यानं आपणहून बाजूला व्हावं. मनानं वाईट नाही हं. आईसाठी तिनं तिकडे खोली तयार ठेवलेली, न्हाणीत धरायला दांडे बसवलेले. पण तिचं एकच पालुपद, आई, आता घरी चल. भिंतीतून दोन दिवस मला दुसरं काही ऐकू आलं नाही. मला इंग्रजीचे मोजके शब्द येतात, त्यातला 'घर' हा तेव्हाच शिकले.

तिसऱ्या दिवशी हेदर गेली आणि दोरीना माझ्याकडे येऊन मटकन बसली. म्हणाली, "मी शब्द दिली, रामोना. पुन्हा आजारी पडले, अंथरूण धरली, तर घरी येईन."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "घरी येईन? मग इतकी वर्षं तू काय धर्मशाळेत राहत होतीस? आणि मी कोण, धर्मशाळेची झाडूवाली?"

"तिला गप्प करायचा होता."

"मग खोटं बोलायचंस ना सरळ!"

पण ती शब्द मोडणार नाही, हे मला माहीत होतं. जी बाई आमच्या भर उन्हाळ्यात चारला चहा म्हणजे चहा, असं म्हणून घामाच्या धारांत बसून कप संपवते, ती शब्द काय मोडणार? तेव्हापासून ती स्वतःला काचेच्या बरणीसारखी जपायला लागली. कठडा धरून चालायची, रोज संत्री खायची, कुणी शिंकलं की रस्ता बदलायची. एक आजारपण आलं की गाव सुटलं.

आणि तशात माझ्या नवऱ्याला नागीण झाली.

ब्लास बदामाची झाडं छाटून आला आणि कंबर खाजवायला लागला. सदरा वर करून बघते तर एका बाजूनं लालेलाल पट्टा, वर पाण्याचे फोड. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. तर हा उंटावरचा शहाणा म्हणतो, "नागिणीला डॉक्टर काय करणार? विर्तुदेस आत्याकडे ने." त्याची आत्या नागीण उतरवते. मंत्र पुटपुटत शाईनं फोडांभोवती रेघ मारते, म्हणजे नागीण रेघ ओलांडत नाही. तोंडाला शेपूट मिळाली की माणूस खलास, असं आमच्याकडे लहान पोरंसुद्धा सांगतात. आठवडाभर गावातला जो तो येऊन ब्लासची कंबर बघून जायचा, मिळाली का, मिळाली का. नाही मिळाली. फोड सुकले, आत्यानं श्रेय घेतलं आणि माझी चांगली अंडी देणारी कोंबडीही घेतली.

पण दुखणं राहिलं ते राहिलंच. कातडीवर सगळं बरं दिसतं आणि आत निखारे. गाढवाची लाथ खाऊन हसणारा माझा माणूस, त्याला सदऱ्याचं कापड सोसेना. जानेवारीच्या थंडीत उघडाबंब शेगडीपाशी बसायचा. चादर नुसती लागली तरी किंचाळायचा. मला रडू यायचं आणि रागही यायचा. राग कुणावर काढू? नागीण काय समोर येते?

दोरीना रोज सूप घेऊन यायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. एक दिवस म्हणाली, "रामोना, हा नागीण मला आली तर मी गेलीच."

"काही मरत नाहीस."

"मरायला कोण घाबरतो? हेदरकडे जावा लागेल!"

मग तिनं चौकशी सुरू केली. आठवड्यातून दोनदा आमच्या दवाखान्यात डॉक्टर येतो, नवा पोरगा आहे. त्यानं सांगितलं की लहानपणी कांजिण्या आलेल्या माणसाच्या अंगात ही नागीण झोपलेली असते, म्हातारपणी कधीही उठते. लस आहे, दोनदा टोचून घ्यायची, मध्ये काही महिने जाऊ द्यायचे. पण सरकार फुकट देतं ते ठरावीक वयाच्या लोकांना, आणि दोरीनाचं वय नेमकं दोन टप्प्यांच्या मधलं.

"दोन वर्षं थांबलात तर तुमचा नंबर लागेल," तो म्हणाला.

"नागीण थांबेल का? तिला विचारून सांग," दोरीना म्हणाली.

मी तोंडावर रुमाल धरला. तो बिचारा गोंधळला आणि नको ते बोलून बसला. "मग तुमच्या देशात जाऊन घ्या ना."

झालं. फोनवर हेदर रोज हेच सांगत होती. इकडे ये, इकडेच टोचून घे. आणि टोचून झालं की दांडेवाली न्हाणी तयारच आहे, हे काय आम्हाला कळत नव्हतं? दोरीना खुर्चीवरून उठली. तशी ठेंगणीच आहे, पण त्या दिवशी मला डॉक्टरच लहान दिसला.

"माझी देश कुठली ते मी ठरवणार. तू चिठ्ठी लिही."

लिहिली त्यानं. न लिहून सांगतो कुणाला?

आमच्याकडे अशी लस आपणच औषधाच्या दुकानातून विकत आणून नर्सच्या हातात द्यायची असते. तीही थंडगार राहिली पाहिजे. दुकान खाली शहरात, बसनं जायचं. किंमत ऐकून मी छातीवर क्रूस काढला, दोरीनानं मात्र पापणी हलवली नाही. बर्फाची पिशवी म्हणून मी ब्लासची मासे आणायची पिशवी दिली. येताना बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन अशी बसली होती की शेजारच्यानं कोपर लावायची हिंमत केली नाही. नर्स लोरेतोनं पिशवी उघडून नाक मुरडलं, "दोरीना, लसीला सार्डिनचा वास कसा?"

"माझ्या हाताला चालेल," दोरीना म्हणाली आणि बाही वर केली.

आता बघा गंमत. लोरेतोनं बजावलं होतं, एखाद-दोन दिवस ताप येईल, अंग मोडेल, घाबरायचं नाही. आला की ताप! दात वाजतायत, दंड टम्म फुगलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते अक्षरशः. आणि वार कोणता? रविवार. रविवारी दुपारी हेदरचा फोन येतो, तोही तोंड बघायचा. नाही उचलला तर ती पुढच्या विमानानं हजर.

"ऊठ," मी म्हटलं.

"उठते ना. तू धर मला."

मी तिला बसवलं, वरून चांगलं जाकीट घातलं. खाली रात्रीचाच झगा होता. ओठ रंगवायला घेतले तर तिचा हात थरथरत होता, म्हणून मीच रंगवले, जरा वाकडे झाले. मग टेबलाखाली शिरून मी तिच्या कंबरेला दोन्ही हातांनी आधार दिला. माझे गुडघे काय म्हणत होते ते माझं मला ठाऊक. वर ती मजेत बोलत होती, हसत होती. हेदरनं काहीतरी विचारलं, त्यावर दोरीना खालच्या बाजूला लाथ मारून आमच्या भाषेत म्हणाली, "मांजर आहे." मी म्याँव केलं. फोन बंद झाला आणि दोघी जमिनीवर बसून हसलो, ती ताप अंगात असताना आणि मी लचकलेल्या कंबरेसह.

पण दुसऱ्या टोचणीची वेळ आली तेव्हा हेदर स्वतःच येऊन टपकली. काही दिवस राहीन म्हणाली. आल्यापासून तिचं अंग अवघडलेलं, हात सारखा बरगडीवर. विमानाची खुर्ची बोचली, असं ती आईला सांगत होती. मी दोरीनाला बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, ही जाईपर्यंत टोचणी पुढे ढकल. ताप आला की पकडलीच तुला."

"चोरासारखी नाही घेणार. माझा हात आहे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही! घेतली. आणि संध्याकाळपर्यंत आला ताप, पहिल्यापेक्षा सणसणीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतून आवाज चढले. 'घर, घर' ऐकू यायला लागलं तशी मी चपला न घालताच धावले. बघते तर दोरीना पलंगावर लालबुंद होऊन पडलेली आणि हेदर तिचे कपडे बॅगेत भरतेय. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण हात थांबत नाहीत. दोरीना मला म्हणाली, "ती सांगतो, शब्द दिली होती, अंथरूण धरली, आता चल."

"आणि तू काय सांगितलंस?"

"हा आजार नाही. हा तयारी आहे!"

मी बॅगेतून एक झगा काढून पलंगावर टाकला, हेदरनं तो परत भरला. मी परत काढला. किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण तेवढ्यात माझ्या मागून ब्लास आत आला. उघडाच. बायकांच्या खोलीत असा कधी शिरला नसता. त्यानं हेदरला कंबरेचा तो डागांचा पट्टा दाखवला.

"पोरी, आजार याला म्हणतात. वर्ष होईल आता, मी सदरा घातलेला नाही. तुझी आई एक दिवस तापून हा टाळतेय. आणि तू तिला त्याबद्दल शिक्षा देतेस?"

हेदरला आमची भाषा तुटकतुटक कळते, पण ब्लासची कंबर पुरी कळली. ती डागांकडे बघत राहिली, आणि तिचा हात पुन्हा स्वतःच्या बरगडीवर गेला. बॅग मात्र तशीच उघडी राहिली.

पुढच्या दिवशी दोरीना ठणठणीत. कुंड्यांना पाणी घालून माझ्या दारात येऊन ओरडली, "रामोना, लवकर ये, हेदर उठत नाही!"

विमानाची खुर्ची कसली आणि काय. पोरीचा सदरा वर केला, तर बरगडीवर एका बाजूनं लाल पट्टा, वर पाण्याचे फोड. मी क्रूस काढला. तोंडातून आलंच माझ्या, "विर्तुदेस आत्याला बोलावू?"

"आत्याला नंतर कोंबडी दे. आधी डॉक्टर!" दोरीनानं लेकीला उठवली, कोट चढवला आणि दंडाला धरून दवाखान्यात नेली, स्वतःच्या ज्या दंडाला टोचलं होतं त्याच दुखऱ्या हातानं. डॉक्टर म्हणाला, वेळेत आणलंत, गोळ्या लगेच सुरू करा. यावेळी त्यानं तुमच्या देशात जा वगैरे काही म्हटलं नाही. बरं झालं, नाहीतर मीच त्याला दाखवला असता देश.

हेदरचं विमान गेलं, मग पुढचंही गेलं. खाली दिवाणखान्यात झोपून दोरीनानं आपला पलंग तिला दिला. चण्याचं सूप तिनं भरवलं, गोळ्या तिनं दिल्या, फोडांना कापड लागू नये म्हणून चादरीखाली बदामाच्या टोपलीचा सांगाडा ठेवला. न्हाणीत दांडा नव्हता. दोरीनाच दांडा झाली. तिचा दंड धरून हेदर उठायची, बसायची.

आणि एके दुपारी मी सूप घेऊन गेले तर हेदर उशीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी हुंदके देत होती. "मला घरी जायचंय," म्हणत होती. एवढं इंग्रजी मला कळतं.

दोरीना काठावर बसून तिच्या केसांवरून हात फिरवत होती. तिनं उत्तर दिलं ते आधी इंग्रजीत. मग माझ्याकडे वळून, मलाही कळावं म्हणून, आमच्या भाषेत परत म्हणाली.

"मी हिला सांगितला, आजारी माणसानं घरी यायचा, असा आपली ठरली होती ना? मग आलीस की. हे घर."

'हा घर'ची चूक काढायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.