अलीकडची ओलिंपिया, पलीकडचा मार्कियान

ओलिंपिया ह्नातिव जेवणघरातून बाहेर पडून झेंड्याच्या खांबाकडे निघाली, की वाटेतली पोरं तोंडातलं इंग्रजी गिळून टाकत. ज्याला गिळता आलं नाही तो बटाटे सोलायला बसे. 'यालिना' या युक्रेनियन मुलांच्या उन्हाळी शिबिराचा हा कायदा तिनेच केला होता आणि तीस-बत्तीस उन्हाळे तिनेच चालवला. एरवी ती बफेलो शहराच्या बस डेपोत तक्रारींच्या खिडकीमागे बसायची. समोर येणारा प्रत्येक जण खोटं बोलतोय, असं धरूनच ती ऐकायची. जुलै आला की बिनपगारी रजा टाकून ती शिबिरावर, हेरन तळ्याकाठी यायची आणि पोरांचंही तसंच ऐकायची.

तिचं लग्न झालं होतं. इहोर नावाचा गरीब माणूस होता, आला तसा गेला. त्याचं आडनाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, तिच्याही नाही. मुलगी ॲरिझोनात जाऊन राहिली आणि तिने आपल्या पोरीचं नाव मॅडिसन ठेवलं. त्या दिवसापासून ओलिंपिया नातीचा उल्लेख 'ते मूल' असाच करी.

पण माणसामाणसांत फरक असतो. पोरं, आईबाप, पाद्री, जावई यांना ती नुसती तुच्छ मानायची. मनापासून तिरस्कार तिने एकाचाच केला. तो पलीकडच्या काठावर राहत होता.

शिबिर तिच्या बापाने उभं केलं होतं. युद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांतून जी माणसं अमेरिकेत उतरली, त्यांतला दमियान ह्नातिव एक. पोलादाच्या कारखान्यात पाळ्या करून चार घरांनी मिळून दिवाळं निघालेल्या एका माणसाची कोंबड्यांची वाडी घेतली. खुराड्यांना खिडक्या पाडल्या, आत बाकडी टाकली आणि पोरांना सांगितलं, "हे तुमचं युक्रेन." पावसात त्या युक्रेनला कोंबड्यांच्या विष्ठेचा वास यायचा. स्तेपान देरकाच हा दमियानचा उजवा हात. त्याचा मुलगा मार्कियान आणि ओलिंपिया एकाच खुराड्यात, एकाच बाकावर भूगोल शिकले. कधी न पाहिलेल्या नद्यांची नावं त्यांनी पाठ केली.

मग शहरातल्या चर्चने ठरवलं की नाताळ अमेरिकेसारखा डिसेंबरात करायचा. अर्ध्या लोकांनी मान डोलावली, अर्धे म्हणाले, जानेवारीत, वाडवडिलांनी केला तसाच. नाताळ हिवाळ्यात, शिबिर उन्हाळ्यात. या दोघांचा काय संबंध, असं शहाण्या माणसाला वाटेल. शहाणी माणसं त्या सभेला आलीच नव्हती. स्तेपानने खुर्ची उचलली, आपटली आणि अर्धी घरं घेऊन तळ्याच्या पलीकडे गेला. तिथे त्याने 'लेलेका' नावाचं दुसरं शिबिर काढलं.

तेव्हापासून हेरन तळ्यावर सगळं दोनदा व्हायचं. इवान कुपाला या उन्हाळी सणाचा जाळ इकडे आधी पेटायचा आणि जुन्या पंचांगाने, पंधरवड्यानंतर, तिकडे. इकडच्या मुली फुलांचे मुकुट, त्यात मेणबत्ती लावून, पाण्यावर सोडायच्या. वारा ते पलीकडे न्यायचा. तिकडची पोरं दगड मारून बुडवायची. बारा वर्षांच्या ओलिंपियाचा मुकुट मार्कियानने बुडवला. नेम चुकू नये म्हणून तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता, हे तिने काठावरून डोळ्यांनी पाहिलं.

"त्याच्या बापाला खुर्ची आपटायची अक्कल तरी होती," ती पुढे सांगायची. "याला दगडसुद्धा जवळ जाऊन मारावा लागतो."

मोठेपणी मार्कियान 'लेलेका'चा प्रमुख झाला. ही इकडे, तो तिकडे. इकडे नवी घंटा आली की तिकडे मोठी घंटा यायची. बफेलोच्या दुकानात समोरासमोर आले तर ती लोणच्याच्या बरण्यांकडे वळायची आणि तो पावाकडे.

पोरं मात्र आटत गेली. आयांना फुटबॉलचं शिबिर हवं होतं, बापांना काहीच नको होतं. एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने 'लेलेका'चं छप्पर बसलं. ओलिंपियाने ते ऐकलं आणि ती म्हणाली, "देव उशिरा जागा होतो, पण होतो." दोन वर्षांत 'यालिना'लाही पोरं मिळेनात.

तेव्हा लारा पेत्रिशिन आली. हिचा आजा इकडचा, आजी तिकडची. दात पांढरेशुभ्र, युक्रेनियन भाषा सणासुदीपुरती. तिने समिती जमवली आणि दोन्ही शिबिरं एक करायचं ठरवलं. 'यालिना'च्या जेवणघराचं वारसा केंद्र झालं. भरतकामाचे सदरे काचेत गेले. ज्या बाकांवर पोरांनी चाकूने नावं कोरली होती त्यांना वार्निश लागलं. ओलिंपियासाठी दाराजवळ खुर्ची ठेवली होती, गादीची.

"तुम्ही इथे बसायचं, ओलिंपियाबाई," लारा म्हणाली. "तुम्ही आमचा जिवंत वारसा आहात."

"आणि मेले की? काचेत घालाल?"

लारा हसली. तिला तो विनोद वाटला.

उद्घाटनाला जेवणघरासमोर उन्हासाठी मंडप घालून लोक जमले होते. ओलिंपिया बसली नाही. ती जेवणघराच्या भिंतीवरचा मोठा फलक वाचायला गेली. 'दोन काठ, एक हृदय,' वर लिहिलं होतं. खाली होतं की मुलांची संख्या वाढल्यामुळे आमच्या पूर्वजांनी प्रेमाने दुसरं शिबिर उघडलं आणि ही भगिनी-शिबिरं एकमेकांच्या आनंदात सहभागी होत राहिली.

तिने ते दोनदा वाचलं. मग लाराच्या भाषणाच्या मधोमध म्हणाली, "हे कुठल्या गाढवाने लिहिलं?"

सगळ्या माना वळल्या. लारा माइकपासून बाजूला येऊन हळूच म्हणाली, "बाई, लोक देणग्या देणार आहेत. जुनी भांडणं कशाला उगाळायची?"

"उगाळायची? अगं, भांडण हेच तर होतं इथे! साठ वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. माझा बाप मेला तेव्हा तिकडून एक माणूस आला नाही, आणि आला असता तर मी हाकलला असता. आनंदात सहभागी! थुंकलेसुद्धा नसते मी त्यांच्या आनंदावर."

"बरोबर बोलतेय ती," मागच्या रांगेतून घोगरा आवाज आला.

मार्कियान देरकाच काठी टेकत उभा राहिला. एका कानात यंत्र, सदरा पोटावर ताणलेला. "यांच्या विहिरीत डांबर ओतलं होतं आम्ही. मी स्वतः. आणि हा फलक 'प्रेमाने उघडलं' म्हणतो. माझा बाप वाचता तर फलक फोडता."

"तूच होतास?" ओलिंपिया फिरली. "मला वाटलं तुझा भाऊ. तुला एवढी हिंमत असेल असं वाटलं नव्हतं."

"तू आमच्या घंटेची दोरी कापलीस ते?"

"दोरी नाही, मी पूर्ण घंटाच नेणार होते. जड निघाली. तुमच्याकडची एक तरी वस्तू हलकी असेल तर शपथ! तुमची डोकी सोडून."

दोघं मंडपाबाहेर जेवणघराच्या पायऱ्यांवर आले, कारण लाराने त्यांना गोड बोलून बाहेर काढलं होतं. पण भांडण थांबलं नाही, उलट पायऱ्यांवर ऐसपैस झालं. मंडपात कंटाळलेली पोरं एकेक करून तिकडे सरकली. फोन खिशात गेले. पण ते युक्रेनियनमधलं भांडण त्यांना समजत नव्हतं. एक झिपरी मुलगी आपल्या भावाला विचारत होती, "काय म्हणाली? डोक्याचं काय?"

भाऊ म्हणाला, "माहीत नाही. पण शिवी होती."

ओलिंपिया थांबली. ज्या भाषेसाठी तिने पोत्यांनी बटाटे सोलवून घेतले होते, ती या पोरांच्या कानावरून घसरून जात होती आणि तिचे उत्तम अपमान फुकट जात होते. ते तिला सोसवेना. ती पोरांकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा शिबिराच्या कुंपणाआत मोठ्याने इंग्रजीत बोलली.

"मी म्हटलं, याचं डोकं पोकळ आहे. याच्या बापाचंही होतं. बसा खाली, पहिल्यापासून सांगते."

"खोटं सांगेल ती," मार्कियानही इंग्रजीत म्हणाला. "मी दुरुस्त करत जाईन."

पोरं बसली. मंडपात लारा एकतेवर बोलत होती आणि टाळ्या तुरळक पडत होत्या.

फलक मात्र तसाच राहिला. देणगीदारांना तो आवडला होता. ओलिंपिया पुन्हा त्या गादीच्या खुर्चीकडे फिरकली नाही. "भुसा भरलेलं घर आहे ते," ती म्हणायची.

त्याच शरद ऋतूत तिकडे युक्रेनमधल्या चर्चनेच तारीख बदलली. मॉस्कोबरोबर नाताळ नको म्हणून आता सगळ्यांचा डिसेंबरात. बफेलोतल्या मार्कियानच्या चर्चनेही मुकाट्याने तेच केलं. ओलिंपियाचा बाप जिंकला होता आणि ज्यांना चिडवायचं त्यांतले बहुतेक स्मशानात होते. उरला होता एक. डिसेंबर सरता सरता तिने नंबर शोधून फोन लावला.

"आलात ना शेवटी वळणावर?"

"मी नाही आलो," मार्कियान म्हणाला. "पोरगा डिसेंबरात जेवून मोकळा झाला, सूनही. मी सहा जानेवारीला, जुन्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बसणार. एकटा बसेन."

"साठ वर्षांत काही शिकला नाहीस."

"नाही शिकलो. अजून काही?"

तिने फोन आपटला. सहा जानेवारीला रस्त्यांवर मीठ टाकलं होतं तरी गाडी घसरत होती. मार्कियानने दार उघडलं तेव्हा ती बुटांवरचं बर्फ झटकत होती.

"तू कशाला?" तो म्हणाला.

"बघायला, काय वाढलंय ते."

टेबलाच्या चादरीखाली रीतीप्रमाणे गवत पसरलेलं होतं, वर एक मेणबत्ती. त्या रात्रीला लागणाऱ्या बारा पदार्थांतले अर्धे डब्यातले होते. उरलेले त्याने स्वतः केले होते आणि ते दिसत होतं. 'कुत्या' नावाच्या गव्हाच्या गोड खिचडीचा घास घेऊन तिने तोंड वाकडं केलं.

"खसखस वाटलीसुद्धा नाहीस. दाताखाली वाळू आल्यासारखं लागतंय."

"मग नको खाऊस."

"वाढलंयस ना? आता खाणारच. पण सांगतेय, असलं अन्न आमच्याकडे पोरांनी मला फेकून मारलं असतं."

तो खो खो हसला आणि हसता हसता खोकला. तिने पाणी पुढे केलं, पेला जोरात आपटूनच. मग मासळीचं ताट ओढून घेतलं आणि तिच्यातही दोष काढायला सुरुवात केली.