आधी पिस्तूल, मग माणूस

"इथे थांबवा," मी म्हणाले.

वाघमारेंनी लॅपटॉपवरचा व्हिडिओ थांबवला. पडद्यावर तेच होते. कानांवर इअरमफ, दोन्ही हातांत पिस्तूल, समोर पुठ्ठ्याची दोन टार्गेट्स.

"आता पुढे."

चार आवाज झाले. एक गोळी पुठ्ठ्याच्या कडेला लागली. बाकीच्या तीन पुठ्ठा सोडून मागच्या भिंतीत गेल्या.

"त्याआधीच्या सगळ्या मधोमध आहेत," ते म्हणाले. "दर वेळी हेच होतं. शेवटची दोन टार्गेट्स आली की हात दुसऱ्याचा असल्यासारखा वागतो."

मी सिंगापूरला, नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट आहे. खेळाडूचं शरीर कोच आणि फिजिओ बघतात, डोक्यात काय चाललंय ते मी बघते. माझ्याकडे जास्त करून पोहणारी आणि बॅडमिंटन खेळणारी मंडळी येतात. पिस्तूल चालवणारे प्रशांत वाघमारे हे पहिलेच. नाव बदललं आहे, आणि लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. मूळचे नागपूरचे. इथे एका रिसर्च लॅबमध्ये इंजिनिअर. सेम्बावांगला राहतात. पहिल्या सेशनला इंग्रजीत बोलले, माझं आडनाव वाचल्यावर मराठीत.

प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग म्हणजे टीव्हीवर दिसतं तसं एका जागी उभं राहून नेम धरणं नव्हे. यात दारं-खिडक्या-भिंती उभ्या करून एक रचना तयार करतात. तिला स्टेज म्हणतात. बीप वाजला की कमरेचं पिस्तूल काढायचं, धावत पुढे जायचं आणि वाटेत दिसेल त्या टार्गेटवर दोन-दोन गोळ्या मारायच्या. मध्यभागी लागली तर गुण जास्त. काही टार्गेट्स पांढरी असतात, त्यांना लागली तर गुण कापतात. शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागतात. म्हणजे घाई केली की नेम जातो आणि नेम धरत बसलं की वेळ जातो.

वाघमारेंना क्लबमधल्या प्रत्येकाने सल्ला दिला होता. ग्रिप बदल. चष्मा बदल. कॉफी सोड. त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. मी श्वासापासून सुरुवात करायला गेले तर म्हणाले, "मॅडम, श्वासाचं राहू द्या. मी रोज सकाळी आनापान करतो. वडिलांनी लहानपणीच बसवलं होतं, नागपूरच्या विहारात."

तेही खरंच होतं. त्यांचा श्वास माझ्यापेक्षा शांत होता.

मग आम्ही एक शब्द ठरवला. ट्रिगर दाबण्याआधी मनात "बघ" म्हणायचं आणि नजर पिस्तुलाच्या टोकावरच्या खुणेवर आणायची. शब्द एवढ्यासाठी, की डोक्याला एक छोटं काम दिलं की ते भलतीकडे जात नाही. सुरुवातीची टार्गेट्स आणखी सुधारली. शेवटची दोन जशीच्या तशी राहिली.

इथे पिस्तूल घरी नेता येत नाही. ते क्लबच्या शस्त्रागारात कुलपात असतं. त्यामुळे घरचा सराव मनातल्या मनात आणि रिकाम्या हातांनी. वाघमारे हॉलमध्ये सोफ्याभोवती फिरून स्टेज पाठ करत. त्यांची मुलगी इथल्या ढंगात म्हणायची, "पप्पा, द सोफा विल नॉट शूट बॅक, लाह."

"तोच सराव माझ्यासमोर करा," मी म्हणाले. "डोळे मिटा. बीपपासून शेवटपर्यंत सगळं मोठ्याने सांगा."

त्यांनी सुरू केलं. "बीप. ड्रॉ. डावीकडे दोन टार्गेट्स. दार. दाराआड एक, त्याच्या बाजूला पांढरं, ते सोडायचं. पळत मॅगझिन बदलायचं. खिडकी. शेवटची दोन. झालं."

"मग?"

"मग काय? संपलं."

"गोळ्या मारून झाल्या की पिस्तूल तसंच धरून घरी जाता?"

"नाही. अनलोड करायचं. मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं करून दाखवायचं."

"ते तुम्ही म्हणाला नाहीत. परत सांगा, तेवढं धरून."

पुन्हा सुरू केलं. खिडकीपर्यंत आवाज सरळ होता. शेवटच्या दोन टार्गेट्सपाशी ते थांबले. डोळे उघडले. उठून बाथरूममध्ये गेले. परत आले तेव्हा केसांपर्यंत तोंड धुतलेलं होतं.

"लिम अंकल," ते म्हणाले. आणि मग त्यांनी सांगितलं.

लिम हे सेम्बावांगच्या शिपयार्डमधून रिटायर झालेले वेल्डर. राहायचे हौगांगला. वाघमारेंना पिस्तूल धरायला त्यांनीच शिकवलं होतं. क्लबच्या एका मॅचला वाघमारेंची रेंज ऑफिसरची ड्यूटी होती. मेंबर आळीपाळीने ती करतात. रेंज ऑफिसर हातात टायमर घेऊन शूटरच्या मागे एका पावलावर चालतो. त्याने टार्गेट बघायचं नसतं, फक्त पिस्तूल बघायचं.

लिमनी शेवटच्या दोन टार्गेट्सवर चारही गोळ्या मधोमध मारल्या आणि ते तोंडावर पडले. पिस्तूल छातीखाली अडकलं. बोट ट्रिगरपाशी आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, झाडायला तयार गोळी.

"मागे सगळे उभे होते," वाघमारे म्हणाले. "त्यांत एक नर्स होती, आमच्याच क्लबची. ती धावली. मी हात वर करून ओरडलो, स्टे बॅक. ती थांबली. नियम तसाच आहे. भरलेलं पिस्तूल सुटं असेल तर कोणी जवळ यायचं नाही. आधी पिस्तूल, मग माणूस."

"मग?"

"अंकलना वळवलं. बोट सोडवलं. मॅगझिन काढलं. चेंबरमधली गोळी पाडली. आत पाहिलं. क्लिअर म्हणालो. मग तिला येऊ दिलं. तिने लगेच सीपीआर सुरू केलं. हॉस्पिटलला पोचायच्या आत अंकल गेले."

मी पेन खाली ठेवलं.

"सगळं नियमाप्रमाणे झालं. क्लबने पाठ थोपटली. पण मॅडम, मी चेंबरमध्ये दोनदा पाहिलं. आत काही नाही, हे पहिल्यांदाच दिसलं होतं."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नेमाबद्दल विचारलं होतंत."

नेम का बिघडतो ते आता कळलं. शेवटच्या टार्गेट्सनंतर पिस्तूल रिकामं करायचं असतं. त्यांचे हात ते टाळायला बघत होते. डोळे टार्गेटवर, पण मन पुढच्या हालचालीला आधीच घाबरून बसलेलं. ट्रिगर दाबायच्या ऐन क्षणी मनगट आखडायचं आणि नळी खाली जायची.

मी त्यांना सांगितलं की मी हो म्हणेपर्यंत भरलेलं पिस्तूल हातात घ्यायचं नाही. त्यांनी वाद घातला नाही.

वाद क्लबच्या मॅच डायरेक्टरने घातला. डेस्मंड त्याचं नाव. टीम निवडीची मॅच जवळ आली होती, आणि वाघमारे फिट आहेत असं माझं लेटर त्याला हवं होतं. तो क्लिनिकमध्येच आला.

"एक लेटरच ना, लाह. तो आमच्या चांगल्या शूटर्सपैकी आहे."

"अजून देता येणार नाही."

"काय झालंय त्याला?"

"ते त्याला विचारा. मी सांगू शकत नाही."

"लिमचं मनाला लावून घेतलंय, हो ना? मी तिथेच होतो. पुस्तकात लिहिलंय अगदी तसं केलं त्याने. त्याला सांगा, तुझी चूक नाही. विषय संपला."

"तुम्ही सांगितलंत का?"

"कितीदा."

"मग संपला का विषय?"

डेस्मंडने घड्याळ पाहिलं आणि लेटर लवकर पाठवा म्हणून तो गेला.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं. आधी क्लिनिकमध्ये मोठ्याने सराव, अनलोडसकट. मग रिकाम्या हातांनी तीच हालचाल. मग रेंजवर रिकामं पिस्तूल, शेजारी कोच, मागे मी. पुढची पायरी तेव्हाच, जेव्हा आधीच्या पायरीला हात थरथरणार नाहीत. चेंबर एकदाच बघायचं की दोनदा, यावर ते अडायचे. मी म्हणाले, दोनदा बघा, दर वेळी बघा. जे केलं त्याची लाज वाटून ते निम्मं करू नका.

एका सेशनला त्यांनी सरळच विचारलं, "ते सेकंद वाचले असते तर अंकल जगले असते का?"

आमच्या वरच्या मजल्यावर एक कार्डिऑलॉजिस्ट बसतात. जुनी ओळख आहे. वाघमारेंना विचारून आणि नाव न घेता मी त्यांच्याकडे विषय काढला. ते म्हणाले, "हृदय बंद पडलं की जितका लवकर हात लागेल तितकं चांगलं. एवढ्या सेकंदांनी फरक पडला असता का? बहुधा नाही. पण नक्कीच पडला नसता, असं मी म्हणणार नाही."

मी वाघमारेंना तसंच्या तसं सांगितलं. "नक्कीच पडला नसता" एवढंच सांगायचा मोह झाला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"पुढची वेळ कधीची घेऊ?" त्यांनी विचारलं.

मी परवानगी दिल्यावर ते खऱ्या गोळ्यांवर आले. भिंतीत जाणाऱ्या गोळ्या कमी झाल्या, पण बंद झाल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं की ते लिमच्या घरी कधी गेलेच नव्हते. इथल्या पद्धतीप्रमाणे हौगांगला बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत दर्शनासाठी शव ठेवलं होतं, सगळा क्लब जाऊन आला. हे समोरच्या बसस्टॉपपर्यंत गेले आणि परतले.

"मी आंटींना भेटायला जाणार आहे," ते म्हणाले.

"काय ऐकायला जाताय?"

"ऐकायला नाही. सांगायला."

"त्या माफ करतील असं धरून जाऊ नका."

"नाही धरलेलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी भेटीचं सांगितलं. मिसेस लिमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. यांनी सगळं सांगितलं. नर्सला थांबवल्याचं आणि दोनदा पाहिल्याचंसुद्धा. आंटींनी मध्ये एकच प्रश्न विचारला, त्याला दुखलं का? हे म्हणाले, मला माहीत नाही, आंटी.

मग त्या म्हणाल्या, "पिस्तुलाचं माझ्या मुलाने सांगितलं होतं. तो तुझ्यावर रागावला आहे. मीही रागावले आहे. तू येऊन सांगितलंस हे बरोबर केलंस. पण परत येऊ नकोस."

लिफ्ट येईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

मला वाटलं, आता सगळं मागे जाणार. मी त्या आठवड्यासाठी जादा सेशन ठेवलं आणि रेंजवर पहिल्यांदा रिकाम्या पिस्तुलानेच सुरुवात करायला लावली. हात स्थिर होते. कोचने गोळ्या दिल्या. वाघमारेंनी स्टेज पूर्ण केली, शेवटची दोन टार्गेट्स मारली, मॅगझिन काढलं, चेंबर दोनदा पाहिलं. आम्ही टार्गेटपाशी गेलो. चारही भोकं मधोमध होती.

असं का झालं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. माझा अंदाज असा, की मिसेस लिम काय म्हणतील याची तालीम त्यांच्या डोक्यात रोज चालू होती. त्या बोलल्या आणि तालीम थांबली. बोलल्या ते कठोर होतं, पण आता माहीत तरी होतं. आमच्या धंद्यात आम्ही माफीवर फार भर देतो. इथे माफी मिळाली नाही आणि नेम परत आला.

मी लेटर लिहिलं. शूटर म्हणून फिट.

"रेंज ऑफिसरच्या ड्यूटीसाठीही लिहा," वाघमारे म्हणाले.

"परत तसंच झालं तर?"

"आधी पिस्तूल. दुसरं काही करताच येत नाही, मॅडम. मी खूप विचार करून पाहिला."

आवाज अगदी सपाट होता. ते मी लगेच लिहून दिलं नाही. बऱ्याच महिन्यांनी दिलं, तेही सोबत दुसरा ऑफिसर असेल या अटीवर.

त्याआधी निवडीच्या मॅचला मी गेले होते. टीममध्ये त्यांना जागा मिळाली नाही, राखीव म्हणून घेतलं. वेळ थोडा जास्त लागत होता. पण शेवटच्या टार्गेट्सवरची एकही गोळी वाया गेली नाही. बाकीचे शूटर एकमेकांचे स्कोअर बघत हसत-खिदळत होते. वाघमारेंनी पिस्तूल शस्त्रागारात जमा केलं, बॅग उचलली आणि ते कोणाशी न बोलता बसस्टॉपकडे गेले.

डेस्मंड माझ्याजवळ आला. "गुड, राइट? ठीक झाला ना तो?"

"नेम ठीक झाला," मी म्हणाले.

आता कोणी नेम बिघडला म्हणून आलं, की मी आणखी एक प्रश्न विचारते. शेवटची गोळी मारून झाल्यावर काय करता? बहुतेक जण म्हणतात, काही नाही, पिस्तूल रिकामं करतो. तेवढं सहज म्हणता आलं, की मी ग्रिप आणि चष्म्याकडे वळते.